मदत हवी आहे: ट्रॅक्टर ट्रकने न्यायचाय, भाडं नेमकं किती द्यावं?

शेतवाट
पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साडेचारशे किलोमीटरवर न्यायचा आहे. तीन गाडीवाल्यांना विचारलं, तीन वेगळे भाव आले. तिसऱ्याचा भाव पहिल्याच्या जवळजवळ पावणेतीनपट आहे. माल एक, अंतर एक, मग एवढा फरक कशानं पडतो? योग्य भाडं किती, ते जाणकारांनी नेमकं सांगावं. शनिवारपर्यंत गाडी ठरवायची आहे, त्यामुळे लवकर सांगा. नेटवर शोधून झालंय, तो सल्ला नको.

दहाचाकी
गाड्या कुठल्या? तिघांनी एकच गाडी सांगितली आहे का? टू-व्हील ड्राइव्ह आहे की फोर-व्हील, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांना की चारही? अवजार सोबत आहे का? चढवायला-उतरवायला दोन्हीकडे काय सोय आहे? एवढं कळल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस अंदाजपंचे सांगतोय असं समजा.

काळी_माती
साडेचारशे किलोमीटरच आहे तर चालवत का नेत नाही? तासाला पंचवीसच्या वेगानं अठरा तास. दोन दिवसांत पोचाल, भाड्याचा प्रश्नच मिटला.

यंत्रवेडा
@काळी_माती, मिटत नाही. रस्त्यावर तासाला चार-पाच लिटर धरलं तरी बहात्तर ते नव्वद लिटर डिझेल जातं. भरलेल्या मध्यम ट्रकला तेवढ्याच अंतराला साधारण तेवढंच लागतं. वर शेतातल्या टायरांचे गट्टे तापलेल्या डांबरावर झिजतात, मागच्या टायरची एक जोडी म्हणजे लहान खर्च नाही. आणि रात्री महामार्गावर पंचवीसच्या वेगानं जाणाऱ्या वाहनाला मागून येणारा किती उशिरा बघतो, याचाही विचार करा. पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत चालवत नेणं परवडतं, त्यापुढे नाही.

शेतवाट
चालवत न्यायचा प्रश्न नाही, ट्रकनेच न्यायचा आहे. टू-व्हील ड्राइव्ह. मागे सहा फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) आहे. इकडे ट्रक लावायला मातीचा बांध आहे, तिकडे सपाट जमीन. आता सांगा किती.

हिशेबनीस
आधी वजन धरू, कारण गाडी वजनावर ठरते आणि भाडं गाडीवर.

पन्नास एचपीचा टू-व्हील ट्रॅक्टर रिकामा साधारण २१०० ते २२०० किलो. मागच्या टायरात वजनासाठी भरलेलं पाणी आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. १४.९-२८ चं टायर पाऊण भरलं तर एकात दोनशे लिटरच्या आसपास पाणी बसतं, म्हणजे दोन टायरांचे चारशे किलो. चाकाला आणि पुढे लोखंडी वजनं असतील तर ती वेगळी. सहा फुटी रोटाव्हेटर चारशे ते साडेचारशे किलो. सगळं मिळून तीन टनांच्या वर जाताय. दीड टनाच्या पिकअपनं हे होणार नाही.

आता तिघांचे भाव सांगा. रक्कम नको, त्या दिवशीच्या डिझेलच्या दरानं भागून लिटरमध्ये सांगा. डिझेलचा दर रोज आणि ठिकठिकाणी बदलतो, लिटरमध्ये सांगितलं की तुलना सरळ होते.

शेतवाट
भागून पाहिलं. पहिला १५०, दुसरा २६०, तिसरा ४१० लिटर. पहिला पिकअपवालाच आहे, पण तो म्हणतो की आरामात जाईल, आधी नेलेत. टायरात पाणी आहे. पुढे वजनं आहेत, किती किलोची ते बघावं लागेल.

दहाचाकी
पहिला खोडून टाका. दीड टनाच्या गाडीत पावणेतीन-तीन टन घातले की पाटे उलटे होतात, पुढचा एक्सल हलका होऊन स्टिअरिंग तरंगायला लागतं आणि ब्रेक मारल्यावर थांबायचं अंतर कुठल्या कुठे जातं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला मुद्दा जादा भाराचाच काढेल. 'आधी नेलेत' म्हणणाऱ्याला विचारा, किती एचपीचे नेले आणि टायरात पाणी होतं का.

हिशेबनीस
दुसरा भाव तपासू. चौदा ते सतरा फुटी हौद्याचा (माल ठेवायच्या भागाचा) ट्रक, जाताना भरलेला, लिटरला साडेपाच किलोमीटर धरले तर ४५० ला ८२ लिटर. येताना रिकामा, लिटरला सात धरले तर ६४. दोन्ही मिळून १४६ लिटर. २६० मधून १४६ गेले की ११४ उरतात. त्यात टोल, चालकाचे दोन दिवस, टायर-तेलाची झीज, गाडीचा हप्ता आणि मालकाचा नफा. हा भाव अवाजवी नाही.

पण त्याला परतीचं भाडं मिळत असेल तर तुम्ही त्याचे ६४ लिटर फुकट भरताय. उलटंही बघा: तुमच्या गावाकडे माल टाकून रिकामा परतणारा ट्रक मिळाला आणि त्याचं घर तुमच्या मुक्कामाच्या दिशेला असलं, तर २६० चे १७०-१८० होऊ शकतात. त्यासाठी तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे करायची तयारी लागते. शनिवारच हवा म्हणालात की ती सवलत गेली.

तिघांनाही हे एकेक करून विचारा: भाडं एका खेपेचं की किलोमीटरचं? टोल आत की वेगळा? चढवणं-उतरवणं कुणाकडे? माल उतरेपर्यंत किती तास थांबण्याचे पैसे नाहीत आणि त्यापुढे तासाला किती? बांधायच्या साखळ्या-पट्टे कुणाचे? वाटेत माल खराब झाला तर जबाबदारी कुणाची? हे सगळं दोघांकडून सारखं झाल्याशिवाय २६० आणि ४१० ची तुलना होऊच शकत नाही.

पलटी_नांगर
मी म्हणतो चार-पाच टनी ट्रेलरच विकत घ्या. दर हंगामाला भाड्यानं देता येतो, दोन-तीन वर्षांत पैसे वसूल.

शेतवाट
@पलटी_नांगर, एकदाच न्यायचाय. ट्रेलरचं काय करू?

साखळदंड
भाड्याचं पुढे बघता येईल, पण चढवायच्या पद्धतीवरच गाडी ठरणार आहे. बांधाची उंची हौद्याच्या पातळीला येते का? ट्रकचा हौदा जमिनीपासून साधारण १.१ मीटर असतो. तीन मीटरच्या फळ्या लावल्या तर चढ साडेएकवीस अंशांचा होतो, साडेचार मीटरच्या लावल्या तर चौदाचा. मी चौदाच्या वर जाऊ देत नाही. चढायचं तर उलटं चढा, म्हणजे मागची चाकं वर आणि तोंड खाली. टू-व्हील ट्रॅक्टरचं दोन-तृतीयांश वजन मागच्या धुऱ्यावर असतं. सरळ चढताना क्लच झटक्यात सुटला किंवा मागची चाकं फळीच्या टोकाला अडली, तर पुढचं तोंड उचलून ट्रॅक्टर मागे उलथतो.

दहाचाकी
उलटं चढवणं कागदावर बरोबर आहे. पण मान वळवून दोन फळ्यांवर मागची चाकं धरायची, पुढची चाकं कुठे चाललीत ते दिसत नाही, फळी सुटली की ट्रॅक्टर आडवा. पहिल्या लो गिअरमध्ये, हातानं ठरवलेल्या एका आरपीएमवर, क्लचला पाय न लावता सरळ चढवला की काही होत नाही. चढावर मध्येच क्लच दाबणं हीच खरी चूक.

साखळदंड
क्लचबद्दल सहमत, बाकी नाही. दिसत नसेल तर बाजूला खुणा करणारा माणूस उभा करा. उलथलेल्या ट्रॅक्टरखाली सापडायला दीड सेकंदही लागत नाही. आणि दोन्ही ब्रेक पेडल कडीनं जोडल्याशिवाय फळीवर चाक ठेवू नका. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर तो जागेवर फिरतो.

दहाचाकी
उलटा चढवला की जड धुरा केबिनकडे येतो, सरळ चढवला की फाळक्याकडे (हौद्याच्या मागच्या दाराकडे). हेही मोजा. चौदा फुटी हौद्यात सरळ चढवलेल्या ट्रॅक्टरचा मागचा धुरा ट्रकच्या मागच्या एक्सलच्या जेमतेम वर येतो आणि रोटाव्हेटरला जागाच उरत नाही. सतरा फुटी असेल तर तो एक्सलच्या पुढेच राहतो, मग सरळ चढवला तरी भार नीट बसतो. म्हणून मी सतरा फुटी सांगतो.

काळी_माती
टायरातलं पाणी आधी काढून टाका, चारशे किलो वाचतील. आणि पाण्याऐवजी कॅल्शियम क्लोराइड घातलं असेल तर ते शेतात सोडू नका, पीक जळतं.

यंत्रवेडा
साधं पाणी असेल तर काढायची गरज नाही, चारशे किलोनं गाडी बदलत नसेल तर कशाला? धुरा जॅकवर घ्यायचा, व्हॉल्व्ह खाली आणायचा, गाभा काढायचा, पाणी निघताना आत हवा जायला वाट द्यायची, एका चाकाला तास-दीड तास सहज जातो. पोचल्यावर पुन्हा भरायचं. कॅल्शियम क्लोराइड मुख्यतः जिथे पाणी गोठतं तिथे वापरतात, आणि ट्यूब गळली की रिम खातं.

काळी_माती
रिमला रंग असेल तर खात नाही.

यंत्रवेडा
रंग व्हॉल्व्हच्या भोकाशी पहिला उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. रिम आतून उघडून बघा. असो, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

शेतवाट
पाणी, रिम हे राहू द्या हो. बांध हौद्याला बरोबर लागतो, इकडून चढवायला अडचण नाही. आणि सरळ की उलटा हा वाद माझ्या कामाचा नाही, कारण ट्रॅक्टर बंद आहे. म्हणून तर ट्रकने न्यायचाय. डिझेल पंप काढून दुरुस्तीला दिलाय, तो परस्पर तिकडे येणार आहे आणि तिथेच बसवायचाय.

दहाचाकी
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. बंद आहे हे तिघांना सांगितलंय का?

शेतवाट
तिसऱ्याला सांगितलंय. त्यानंच विचारलं. बाकीच्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हिशेबनीस
मग फरकाचं कारण इथंच आहे. तिसऱ्याची गाडी कुठली?

शेतवाट
हौदा मागे सरकून जमिनीला टेकणारी, विंच (तारेनं ओढणारं यंत्र) असलेली. चढवणं-उतरवणं, टोल, पट्टे सगळं आत म्हणतो.

हिशेबनीस
आता दुसऱ्याच्या २६० मध्ये काय मिळवावं लागेल ते बघा. चढवायला बांधावरून ढकलायला किंवा ओढायला दुसरा ट्रॅक्टर, आणि उतरवायला सपाट जमिनीवर क्रेन. क्रेन तासावर येत नाही, निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचं किमान भाडं धरते. तुमच्याकडे क्रेनचा भाव काय आहे तो त्याच लिटरच्या हिशेबात काढा. एका फेरीला साठ-सत्तर लिटरच्या वर गेली आणि इकडेही लागली, तर २६० चे ३९० होतात. त्यात ट्रक आणि क्रेन एका वेळी पोचले नाहीत तर थांबण्याचे पैसे चढतात. मग ४१० महाग राहत नाही.

पलटी_नांगर
क्रेन कशाला? चार माणसं आणि तीन टनी साखळी-पुली पुरेशी आहे.

साखळदंड
पुली चालते, पण हिशेब करून. ट्रॅक्टर २६५० किलो धरा. चौदा अंशांच्या फळीवर उताराचा ओढ साधारण ६४० किलो, चाकांचा अडथळा पाच टक्के धरला तर आणखी १३०. म्हणजे पावणेआठशे किलो. साडेएकवीस अंशांवर हाच आकडा ११०० वर जातो. तीन टनी पुलीला हे जमतं, प्रश्न ती कुठे अडकवायची हा आहे. हौद्याच्या पुढच्या जाळीला अडकवली तर जाळी वाकून येईल. चासीच्या आडव्या पट्टीलाच अडकवावी लागते. ओढताना साखळीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि प्रत्येक फुटाला मागच्या चाकाखाली उटी (चाक अडवायचा ठोकळा) सरकवत यायचं. गिअर न्यूट्रल असतो, साखळी तुटली तर उटीशिवाय काहीच अडवत नाही.

क्रेननं उचलायचाच झाला तर पट्टे पुढच्या एक्सल बीमखालून आणि मागच्या ट्रम्पेटखालून (मागच्या धुऱ्याच्या आवरणाखालून) घ्या, आणि वर आडवा दांडा वापरा. दांडा नसेल तर पट्टे आत ओढले जाऊन मडगार्ड आणि बॉनेट चेपतात. क्रेनवर लिहिलेले टन बूम (क्रेनचा लांब हात) जवळ असतानाचे असतात, बूम लांब गेली की क्षमता झपाट्यानं कमी होते. ट्रकच्या पलीकडून उचलणार असेल तर त्याच्याकडचा तक्ता बघायला मागा.

यंत्रवेडा
सगळ्यांनी एक गोष्ट सोडली. इंजिन बंद म्हणजे हायड्रोलिक लिफ्ट बंद. रोटाव्हेटर आत्ता जमिनीवर टेकलाय की वर आहे?

शेतवाट
टेकलेला आहे. जोडलेलाच आहे.

यंत्रवेडा
मग तो हौद्यावर फरफटत जाणार. आधी सोडवा: पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरचा जोर अवजाराला देणारा दांडा) काढा, टॉप लिंक, मग दोन्ही खालचे आर्म. सोडवलेला रोटाव्हेटर वेगळा चढवा, खाली लाकडी दांड्या ठेवा म्हणजे पाती हौद्याच्या पत्र्यात रुतणार नाहीत. आणि तिसऱ्या गाडीवाल्याला सांगा की हा दुसरा नग आहे. सरकत्या हौद्यावर दोन्ही बसतात का ते तोच सांगेल. ट्रॅक्टर साडेतीन-पावणेचार मीटर, रोटाव्हेटर आडवा ठेवला तर आणखी मीटरभर.

पंप काढलाय म्हणजे आणखी दोन कामं. टाकीचा कॉक बंद करा आणि पंपाकडे येणाऱ्या नळ्यांची, इंजेक्टरच्या नळ्यांची तोंडं टोपणानं किंवा चिकटपट्टीनं बंद करा. धूळ गेली तर पंपाच्या दुरुस्तीवर केलेला खर्च वाया. दुसरं, काही इंजिनांत पंप काढल्यावर त्याचा गिअर टायमिंगच्या पेटीत सुटा लोंबत राहतो. अशा वेळी इंजिन फिरलं की तो अडकतो. मेकॅनिकला विचारा. सुटा असेल तर गिअरमध्ये टाकून उभा करू नका, हँडब्रेक, उट्या आणि पट्टे यांवरच ठेवा.

शेतवाट
मेकॅनिकला फोन केला. गिअर सुटाच आहे म्हणाला. बरं झालं विचारलंत. बांधायचं कसं तेही कुणीतरी नीट लिहा, गाडीवाला बांधेल पण मी उभा राहून बघणार आहे.

साखळदंड
बघाच. मापदंड असा: पुढच्या दिशेनं वजनाच्या ८० टक्के, मागे आणि दोन्ही बाजूंना निम्म्या वजनाचा धक्का पट्ट्यांनी पेलला पाहिजे. २६५० किलोला पुढे २१२०, मागे-बाजूला १३२५.

चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र बांधण्या. एकच लांब दोरी चारही ठिकाणी फिरवलेली नको, ती एके ठिकाणी सुटली की सगळीच सैल होते. ५० मिलिमीटरच्या रॅचेट पट्ट्यावर सरळ ओढीला २५०० डेकान्यूटन लिहिलेलं असतं, ते ढोबळमानानं अडीच टन समजा. पट्टा तिरका असल्यानं पुढे-मागे प्रत्यक्ष उपयोगी जोर साधारण दोन-तृतीयांश उरतो. तरी मागे ओढणारे दोन पट्टे मिळून तीन टनांच्या वर जातात, ते पुरतं. ग्रेड ८० ची ८ मिलिमीटर साखळी चार टन पेलते, धारदार कडेवर ती पट्ट्यापेक्षा बरी. लेबल निघालेला किंवा कड फाटलेला पट्टा परत पाठवा. सुती-नायलॉनची दोरी नकोच, ताणते.

अडकवायचं मागे ट्रम्पेटला, पुढे एक्सल बीमला. टाय रॉड, स्टिअरिंगचा सिलिंडर, खालचे लिफ्ट आर्म, मडगार्ड यांना नाही. टायर हे स्प्रिंगसारखे दबतात. खड्ड्यात ट्रॅक्टर खाली जातो आणि पट्टा क्षणभर सैल होतो, हुक तिथेच निसटतो. दुसरं टोक हौद्याच्या कडेच्या बारीक हुकांना नको. ते ताडपत्रीच्या दोरीसाठी असतात.

मागच्या चाकांना पुढून आणि मागून उट्या, हौद्याला खिळलेल्या. निघाल्यावर पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, पुढे दर दोन तासांनी. पहिल्या थांब्याला पट्टा सैल झालेला असतोच, कारण टायर आणि लाकूड बसतं.

दहाचाकी
यात भर. उभा सायलेन्सर काढा, निघत नसेल तर तोंडाला डबा उपडा ठेवून बांधा. टर्बो इंजिन असेल तर वाऱ्यानं टर्बो फिरतो आणि तेलाचा दाब नसताना त्याची बेअरिंग जाते. छत असेल तर काढून आडवं ठेवा. बॉनेटला कुलूप असलं तरी वरून पट्टा हवा. बॅटरीची ऋण तार सोडा. लादून झाल्यावर जमिनीपासून सर्वांत उंच टोकापर्यंत टेप लावून उंची मोजा, चालकाला कागदावर लिहून द्या. हौदा १.१ आणि रोलबारसकट ट्रॅक्टर २.४ धरला तर साडेतीन मीटर होतात. गल्लीतल्या खाली लोंबणाऱ्या तारा यातच अडकतात.

हिशेबनीस
बिल्टीवर (गाडीवाल्यानं दिलेल्या मालाच्या पावतीवर) 'मालकाच्या जोखमीवर' छापलेलं असेल तर वाटेतलं नुकसान तुमच्या माथी. वाहतुकीचा विमा एका खेपेपुरता मिळतो, तो चढवणं-उतरवणं धरतो का हे विचारून घ्या, कारण नुकसान बहुधा तिथेच होतं. ट्रॅक्टरचा नेहमीचा विमा यात कामी येईल असं गृहीत धरू नका. चारही बाजूंचे, टायरांचे, तासमापीचे आणि चासी-इंजिन क्रमांकाचे फोटो लादण्याआधी काढा. नोंदणीची कागदपत्रं सोबत द्या. आगाऊ रक्कम जाण्याच्या डिझेल-टोलपुरती, बाकी उतरवल्यावर.

शेतवाट
ठरलं. दुसऱ्याला बंद ट्रॅक्टर आहे म्हटल्यावर त्यानं क्रेन तुमची तुम्ही बघा म्हणून सांगितलं. इथे क्रेनची एक फेरी ७५ लिटरची पडते. तिसऱ्याला रोटाव्हेटर वेगळा असल्याचं सांगितलं, सरकता हौदा सहा मीटरचा आहे, दोन्ही बसतात. शनिवारऐवजी मंगळवार चालेल म्हणालो तर ३७० लिटरवर आला, कारण सोमवारी त्याची एक गाडी इकडेच माल टाकायला येतेय. टोल, विंच, पट्टे, चार तास थांबणं आत. लेखी घेतलंय. तिकडे उतरवताना माझा भाऊ असेल, मी नसेन. त्याला काय सांगू?

साखळदंड
त्याला क्रम सांगा, बाकी गाडीवाला करेल. हौदा आडवा असतानाच विंचची तार ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकाला लावून ताणून घ्यायची. मग पट्टे सोडायचे, आधी मागचे, मग पुढचे. त्यानंतर हौदा तिरका करायचा, उट्या काढायच्या आणि शेवटी हँडब्रेक. तारेवर ताण नसताना पट्टे सोडले तर सैल ट्रॅक्टर हौदा तिरका होताच स्वतःहून निघतो. हँडब्रेक सोडायला सीटवर बसायचं नाही, बाजूला जमिनीवर उभं राहून हात पोचतो का ते आधी बघून ठेवायचं. स्टिअरिंग इंजिनशिवाय फार जड जातं, म्हणून पुढची चाकं सरळ आहेत हे तुम्ही इकडे लादतानाच बघून घ्या. आणि जमीन ओली असेल तर जिथे मागची चाकं टेकतील तिथे दोन फळ्या टाकायला सांगा, बंद ट्रॅक्टर रुतला तर त्याला बाहेर काढायला पुन्हा दुसरं वाहन लागेल.